रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र चिपमध्ये शिरतं कसं? व्हिडिओ इनपुट पोर्टची गोष्ट

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काम करत होते. एकदा टेस्टिंग करताना मी कॅमेऱ्याची वायर काढली. स्क्रीन काळी व्हायला हवी होती, पण चित्र जसंच्या तसं! कॅमेऱ्यासमोर जाऊन हात हलवला, तरी स्क्रीनवर आपली रिकामी खोलीच. खऱ्या गाडीमागे एखादं लहान मूल असतं तर?

हे असं का झालं ते कळायला चिपचा व्हिडिओ इनपुट पोर्ट समजून घ्यावा लागेल. चला तर मग.

आधी आकडे बघू

अशा अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचा सिग्नल आधी एका डिकोडर चिपकडे जातो. ती त्याचे आकडे बनवते आणि ८ तारांवरून मुख्य चिपच्या व्हिडिओ पोर्टला देते. सोबत क्लॉकची एक तार असते. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बाइट. ही पद्धत बीटी.६५६ नावाच्या स्टँडर्डमध्ये ठरवून दिली आहे. क्लॉकचा वेग २७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७० लाख बाइट!

आता गंमत बघा. इंटरनेटवरून फाइल येताना फोन समोरच्याला 'जरा हळू' असं सांगू शकतो. इथे ती सोयच नाही. कॅमेरा कुणासाठी थांबत नाही. आलेला बाइट त्याच क्षणी उचलला नाही, तर तो कायमचा गेला.

ओळ कुठे सुरू झाली, कसं कळतं?

नुसते बाइट येत राहिले तर चित्राची ओळ कुठे सुरू होते हे ओळखायचं कसं? त्यासाठी ० आणि २५५ हे दोन आकडे चित्रासाठी वापरायचेच नाहीत, असा नियम आहे. त्यामुळे '२५५, ०, ०' असे तीन बाइट लागोपाठ आले की पोर्टला कळतं, हे चित्र नाही, ही खूण आहे.

खुणेचा चौथा बाइट तीन गोष्टी सांगतो: ओळ सुरू होतेय की संपतेय, ही ओळ चित्राची आहे की रिकामी, आणि ती चित्राच्या कुठल्या अर्ध्या भागातली आहे. (इथे एका फ्रेमच्या ओळी एकाआड एक अशा दोन हप्त्यांत येतात.) याच बाइटमध्ये चार तपासणी बिटही असतात. वाटेत एखादा बिट चुकला तर पोर्ट तो स्वतःच दुरुस्त करू शकतो.

भारतातल्या जुन्या टीव्हीचं पाल स्टँडर्ड घेतलं तर एक ओळ १७२८ बाइटची. त्यातले १४४० बाइट चित्राचे, म्हणजे ७२० पिक्सेल. उरलेल्यांत दोन खुणा आणि रिकामी जागा.

पिक्सेलचे बाइट रंग, उजेड, रंग, उजेड अशा क्रमाने येतात. सेटिंगमध्ये हा क्रम उलटा पडला की माणसं हिरवी-जांभळी दिसतात. हा उद्योगही मी करून झालाय!

प्रोसेसर काय करतो?

बहुतेक वेळ काहीच नाही. प्रत्येक बाइटला प्रोसेसरला उठवलं तर बिचाऱ्याला दुसरं कामच करता येणार नाही. म्हणून पोर्टमध्ये फिफो नावाची छोटी रांग असते. आलेले बाइट आधी तिथे जमतात आणि डीएमए नावाचं सर्किट ते परस्पर रॅममध्ये नेऊन टाकतं. फ्रेम पूर्ण झाली की मगच प्रोसेसरला हाक जाते.

पण रॅम दुसऱ्याच कामात अडकली तर? समजा फिफो १०२४ बाइटचा आहे. या वेगाने तो जेमतेम ३८ मायक्रोसेकंदांत भरतो. एक ओळच ६४ मायक्रोसेकंदांची असते! फिफो ओसंडला की चित्र फाटतं किंवा सरकतं. म्हणून चिपमध्ये व्हिडिओच्या डेटाला रॅमकडे जायला पुढचा नंबर देतात.

रॅममध्येही किमान दोन जागा राखून ठेवतात. एकीत नवी फ्रेम भरत असते, दुसरीतली स्क्रीनवर दिसत असते. नवी भरली की अदलाबदल.

मग माझं चित्र गोठलं का?

आता उत्तर सोपं आहे. वायर काढल्यावर बाइट यायचे थांबले, त्यामुळे 'फ्रेम पूर्ण झाली' ही हाकही थांबली. माझा कोड त्या हाकेची वाट बघत बसला आणि स्क्रीन शेवटची फ्रेम दाखवत राहिली. पोर्टने त्याचं काम चोख केलं होतं, चूक माझी होती.

उपाय दहा ओळींचा निघाला. पालमध्ये दर ४० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम यायलाच हवी. म्हणून एक टायमर लावला: १०० मिलिसेकंदांत फ्रेम आली नाही, तर चित्र काढून टाक आणि 'कॅमेरा बंद' असं दाखव.

तुमच्या फोनमध्ये हेच काम सीएसआय-२ नावाचा पोर्ट करतो. तिथे वेग कितीतरी जास्त, तारा कमी आणि डेटा पॅकेटमधून येतो. पण फ्रेम सुरू झाल्याची खूण, चूक पकडणारे बिट, डीएमए, रॅममधल्या जागा, सगळं ओळखीचंच.

आणि हो, गाडी मागे घेताना स्क्रीनवर काहीच हलत नसेल, तर एकदा मान वळवून बघा. ती स्क्रीन कुणीतरी माझ्यासारख्यानेच बनवली आहे.