एक दिवस, एक खोरे : सह्याद्रीतील दुर्गदर्शनाची आखणी

सह्याद्रीतील गिरिदुर्ग, म्हणजे डोंगराच्या नैसर्गिक कड्यांनाच तटाचे काम करायला लावून उभारलेले किल्ले, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याच्या बेताने पाहणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड आणि प्रतापगड हे सह्याद्रीच्या डोंगरांतील असल्याने या ओढीला नवे बळ मिळाले आहे. मात्र एका दिवसाच्या सहलीची आखणी बहुधा किल्ल्यांच्या प्रसिद्धीवरून आणि त्यांच्या संख्येवरून केली जाते. सकाळी एका दिशेचा आणि दुपारी भलत्याच दिशेचा किल्ला, मधले तीन तास गाडीत, असे तिचे रूप असते आणि त्यात दोन्ही किल्ले निसटतात. किल्ला एकट्याने कधीच उभा नव्हता. तो एखाद्या घाटवाटेचा, म्हणजे कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गाचा, आणि त्या वाटेखालच्या खोऱ्याचा पहारेकरी होता. म्हणून दिवस एकच असेल, तर तो एका खोऱ्याला द्यावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीने सर्वांत फलदायी प्रदेश म्हणजे लोणावळ्याच्या आग्नेयेस पसरलेले मावळ होय. येथे लोहगड आणि विसापूर यांना जोडणारी डोंगररांग उत्तरेकडील इंद्रायणीचे खोरे दक्षिणेकडील पवनेच्या खोऱ्यापासून अलग करते, तर पवनेच्या जलाशयापलीकडे तिकोना आणि तुंग हे दोन उभट किल्ले राखणीला बसलेले दिसतात. कोकणातून बोरघाटाने वर येणारा माल प्राचीन काळापासून याच पट्ट्यातून जात असल्याने भाजे, कार्ले आणि बेडसे येथील बौद्ध लेणीही येथेच खोदली गेली. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची मानली जातात, याचा अर्थ या वाटेचे महत्त्व शिवकाळाहून सतराशे-अठराशे वर्षांनी जुने आहे. पुढे १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाटातूनच वर आला आणि आजचा द्रुतगती मार्गही याच परिसरातून जातो. गडावरून खाली पाहताना हे सर्व एका दृष्टिक्षेपात येते.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात छत्रपती शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चौघेही होते. घाट ताब्यात हवा, तर यांतला एखादा सुटा किल्ला घेऊन भागणार नाही, हे मिर्झाराजा जयसिंगालाही कळत होते. लोहगड १६७० मध्ये मराठ्यांनी परत जिंकला. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणवीसांनी त्याची डागडुजी केली, पाण्याची सोय वाढवली आणि आपली संपत्तीही येथेच सुरक्षित ठेवली. गडावरचे सोळा कोनांचे तळे त्यांच्याच काळाचे सांगितले जाते.

लोहगडाचा चढ सोपा आहे आणि पायऱ्या बांधीव आहेत, त्यामुळे घाईने वर जाणारा माणूस त्याचे सर्वांत मोलाचे अंग, म्हणजे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही चार दरवाजांची साखळी, श्वास घेण्याची जागा समजून ओलांडून जातो. येथे अर्धा तास तरी थांबले पाहिजे. दोन बुरुजांच्या कवेत वळत गेलेली वाट दरवाजाला बाहेरून दृष्टीआड ठेवते. या रचनेला दुर्गशास्त्रात गोमुखी बांधणी म्हणतात. तिच्यामुळे शत्रूला दरवाजावर तोफ रोखता येत नाही, आणि हत्तीची धडक देण्याइतकी सरळ धावही मिळत नाही. वरच्या तटातील जंग्यांतून, म्हणजे बंदुका आणि बाण यांसाठी ठेवलेल्या तिरप्या छिद्रांतून, खालच्या वळणावरचा प्रत्येक माणूस टिपता येई. चढणाऱ्याने एकदा मागे वळून वरून खाली पाहिले, तर ही सारी योजना स्पष्ट होते. गडाच्या एका अंगाला विंचूकाटा नावाची लांब, अरुंद माची पुढे गेलेली आहे. माची म्हणजे मुख्य गडाच्या पोटातून निघालेली तटबंदीयुक्त सोंड. तिच्या टोकावरून खोऱ्यातील हालचाल दूरवर टेहळता येते. तिकडे जाऊन परत यायला तासभर धरावा आणि वेळ कमी असल्यास दुसरे काही गाळावे, ही माची गाळू नये.

विसापूर मात्र युनेस्कोच्या यादीत नाही आणि त्यामुळे तेथे गर्दीही तुलनेने कमी असते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्याशेजारी त्याच्यावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने कमी करावा आणि ते न जमल्यास तोही बांधून ताब्यात ठेवावा, अशा आशयाचा दंडक त्यात सांगितला आहे. विसापूर हा लोहगडाला लागून असलेला आणि त्याच्याहून उंच असा नेमका तोच डोंगर आहे. दोहोंच्या मध्ये फक्त गायमुख खिंड आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रज सेनानी प्रॉथर याने आधी विसापूर घेतला आणि त्यापाठोपाठ लोहगडही पडला. विसापूरच्या तटावर उभे राहून समोर, किंचित खाली, लोहगडाचा माथा पाहिला, की हा प्रसंग नकाशाशिवाय समजतो. केवळ लोहगड पाहून परतणाऱ्याला त्या बलाढ्य दरवाजांचा उपयोग का झाला नाही, हे कधीच कळत नाही. या एका कारणासाठी हे दोन किल्ले एकाच दिवशी पाहावेत, असा आग्रह धरावासा वाटतो.

विसापूरचे पठार विस्तीर्ण असून त्यावर वाट चुकणे सोपे आहे. तटाच्या कडेने चालत राहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. तटाची लांबच लांब शाबूत भिंत, कातळात कोरलेले मारुती, चुना मळण्याच्या घाणीचे प्रचंड दगडी चाक आणि पाण्याची टाकी ही येथील पाहण्याजोगी ठिकाणे होत. टाके म्हणजे कातळ खोदून केलेला जलसाठा. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे. सपाट माथा आणि उभे कडे ही सह्याद्रीची ओळख त्या थरांमुळेच झाली आणि दुर्ग बांधणाऱ्यांना अर्धा तट निसर्गानेच बांधून दिला. टाके खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा, म्हणजे एकाच श्रमात पाणी आणि भिंत दोन्ही साधायची, ही त्यांची काटकसर प्रत्येक गडावर दिसते. आज या टाक्यांतील पाणी पिण्यासाठी गृहीत धरू नये. माणशी किमान तीन लिटर पाणी खालूनच न्यावे.

या दिवसाचे वेळापत्रक पुणे-लोणावळा लोकलवर बेतता येते. पहाटेच्या गाडीने मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंत पायी जाण्यास सर्वसाधारण चालीने दोन ते अडीच तास लागतात. वाडीपर्यंत वाहनानेही पोहोचता येते. दहापूर्वी लोहगडाच्या पायऱ्यांशी आले, तर दुपारी साडेबारापर्यंत गड पाहून खाली उतरता येते आणि वाडीतील एखाद्या घरात पिठले-भाकरी व ताक मिळते. निघताना दूरध्वनीने सांगून ठेवल्यास जेवण वेळेवर मिळते आणि चार पैसेही गावातच राहतात. जेवणानंतर गायमुख खिंडीतून विसापूर चढायचा आणि चारच्या आत भाज्याच्या बाजूने उतरायला लागायचे. या उतरणीत एका ओढ्याच्या पात्रातील जुन्या पायऱ्या लागतात. पावसाळ्यात त्यांवरून पाणी वाहत असल्याने हा मार्ग नवख्यांनी त्या दिवसांत टाळावा.

ऋतूचा विचार येथेच करणे भाग आहे. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवे असले, तरी धुक्यामुळे खोरे दिसत नाही, शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी वाटांवर उभे राहायलाही जागा नसते. ज्याला किल्ल्याचे लष्करी प्रयोजन समजून घ्यायचे आहे, त्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा हवा स्वच्छ असते आणि गवत वाळल्याने वाडे, जोती, टाकी उघडी पडतात. मात्र डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, याचा हिशेब हवा. मार्चनंतर उघड्या पठारावरचे ऊन सोसत नाही. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड टाळणे जिवाच्या हिताचे ठरते.

खोऱ्याची हीच कसोटी इतर ठिकाणीही लावता येते. जुन्नरला सकाळी शिवनेरी आणि दुपारी नाणेघाट हा बेत उत्तम, कारण शिवनेरीचे सात दरवाजे चढून आल्यावर नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहिला, की जुन्नरचे वैभव कोणत्या वाटेवर पोसले गेले ते समजते. प्रतापगड महाबळेश्वराहून अर्ध्या दिवसात होतो आणि जावळीचे खोरे त्याच्यासोबतच पाहिले जाते. रायगडाला रज्जुमार्ग असल्याने तो वृद्धांनाही साधतो. मात्र राजगडाचा बालेकिल्ला, म्हणजे गडावरचा सर्वोच्च आणि शेवटचा आश्रय, आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या एका दिवसात पाहायच्या म्हटले, तर प्रत्येकीवर अन्याय होतो. राजगडावर एक रात्र काढावी. साल्हेर हा राज्यातील सर्वांत उंच, १,५६७ मीटर उंचीचा किल्ला. तो पाहायचा तर आदल्या रात्री बागलाणात मुक्काम हवा. पुण्या-मुंबईहून त्याला एका दिवसाच्या यादीत बसवणे व्यर्थ आहे.

मावळातील दिवसाचा शेवटचा टप्पा भाज्याच्या लेण्यांचा ठेवावा, आणि तोही लेणी बंद होण्याची वेळ आधी पाहून. बहुतेक लोक ती सकाळी, गडाकडे जाताना उरकतात. परंतु या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत आणि सकाळी चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनामंडपात, अंधार असतो. उतरते ऊन दारातून आत शिरू लागले, की कमानदार छताला बसवलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या एकेक करून दिसू लागतात आणि मागे स्तूपाचा गोल उजळतो. ते पाहून पायऱ्या उतरल्यावर मळवली स्थानक तासाभराच्या आत गाठता येते. गाडीची वाट पाहताना फलाटावरून विसापूरचा तट संधिप्रकाशात आडवा पसरलेला दिसत राहतो.