मार्केट यार्डातला गवा आणि देव्हाऱ्यातला मातीचा बैल

आजचा भाग सुरू करूया आपल्या सांगलीतूनच. डिसेंबर 2021. मार्केट यार्डात चक्क गवा शिरला होता, आठवतंय? व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. भीती वाटत होती, पण नजर हटत नव्हती.

हीच भावना सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी थेट घराच्या भिंतीत बसवली होती. तुर्कस्तानातलं चाताल्होयुक हे गाव. तिथले लोक गहू पिकवायचे, शेळ्या-मेंढ्या पाळायचे. पण भिंतीत आणि ओट्यावर दिमाखात बसवलेली शिंगं असायची रानबैलाची! का? अभ्यासक म्हणतात, एवढं धूड एकट्यादुकट्याला मारता येत नाही. सगळे मिळून शिकार करायचे, मग गावजेवण व्हायचं. शिंगं म्हणजे त्या दिवसाची आठवण. म्हणजे बघा, बैल दावणीला यायच्या आधीच मानाने घरात आला होता.

आता आपल्याकडे येऊ. एक गैरसमज आधी दूर करतो. गवा हा आपल्या खिलारचा पूर्वज नाही. वशिंडाच्या गुरांचा पूर्वज वेगळा रानबैल होता, तो आता नामशेष झालाय. त्याला माणसाळवल्याचे जुने पुरावे बलुचिस्तानातल्या मेहरगढला मिळतात.

आणि महाराष्ट्रात? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथं उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका घरात सापडली मातीची पेटी, बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. दोन्ही मूर्ती कच्च्या मातीच्या. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की ती बैलावर स्वार! पीकपाणी आणि लेकरंबाळं देणारी देवी असावी, असं मानतात. इथं बैल रानातला नाही, शेतातला आहे. पण मान तोच.

आता आपला बेंदूर आठवा. ज्यांच्या दावणीला बैल आहेत, ते शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात. बाकीचे बाजारातून मातीची जोडी आणून पुजतात. कसंय, चाताल्होयुकला बैल आधी भिंतीत आला, मग गोठ्यात. आपल्याकडे ट्रॅक्टर आल्यापासून उलटं चाललंय. गोठा रिकामा, देव्हाऱ्यात बैल.

तुमच्या घरी शेवटची बैलजोडी कधी होती? तिची नावं काय होती? आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू!