बर्फ नसलेल्या मुलखाचे पाणी

उन्हाळ्यात आमच्या वर्ध्यात पेपर हाती आला की दोन आकडे आधी शोधले जातात. पारा किती चढला आणि धरणात पाणी किती उरले! महाकाळीच्या धाम धरणावर शहराचे नळ अवलंबून, त्यामुळे दुसऱ्या आकड्याची धाकधूक घरोघरी असते.

गंमत पाहा. मेअखेरीस, नवतपात, आमची धरणे तळ गाठत असतात. नेमक्या त्याच दिवसांत हिमाचलात सतलजवरच्या भाक्रा धरणात पाणी चढू लागते. आभाळातून थेंबही न पडता! हिवाळ्यात डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाने वितळतो आणि नदीला मिळतो. तिकडे ऊन धरण भरते. आमच्याकडे तेच ऊन धरणातल्या पाण्याची वाफ करते.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्याने मला हे खतावणीच्या भाषेत चटकन कळते. हिमालयातल्या धरणाची खाती दोन. पावसाचे चालू खाते आणि ऐन गरजेला पिकणारी बर्फाची मुदत ठेव. आमची जमा फक्त पावसाची, तीही मुख्यतः जून ते सप्टेंबर. पुढे खर्चच खर्च.

बरे, पडलेला सगळा पाऊस जमेला लागतो असेही नाही. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. पण मृगाच्या सरी भेगाळलेली काळी जमीनच पिऊन टाकते. श्रावणाच्या झडीने ती तृप्त झाली, की त्यानंतरचा तेवढाच पाऊस नाल्यांवाटे धरणाकडे धावतो. म्हणून पावसाने सरासरी गाठली तरी धरण अपुरे राहू शकते.

पाऊस पडतो कुठे, हेही महत्त्वाचे. वर्धा नदी सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते. तिकडे मुसळधार झाली की मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण भरते. त्याचे दरवाजे उघडले की आर्वी तालुक्यातल्या निम्न वर्धा धरणाकडे लोंढा निघतो, मग इथे लख्ख ऊन का असेना.

मग आमच्याकडे बर्फाचे काम करणारे कोणीच नाही? आहे. माती आणि झाडे! बोर धरणाभोवतीचे जंगल पाऊस मुरवते, ओढ्यांना सावकाश झिरपा देते, माती धरून ठेवते. शेताचे बांधही तेच करतात. डोंगर उघडा पडला, की पाणी माती घेऊन येते आणि ती धरणाच्या तळाशी बसते. म्हणजे ठेव तर मोडलीच, वर तिजोरीही लहान झाली.

दिवाळीत धरण काठोकाठ दिसले की हात सैल सुटतो. पण गव्हाचे शेवटचे ओलित आणि मे महिन्यातली घरातली घागर, दोन्ही त्याच एका शिलकीतून भरायची असतात. वाटणी तेव्हाच ठरवावी. आपल्या डोंगरावर उन्हाळ्यात वितळायला काही नाही.