अडलेला बोल्ट

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. येथूनच बोरघाटाची चढण सुरू होते. १८३० साली या घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली रेल्वेही हा घाट चढू लागली. उभ्या कड्यावरून सरळ वर जाणे कोणत्याही वाहनास शक्य नसते. म्हणून वाट वळणे घेत, थोडीथोडी उंची गाठत जाते. त्यामुळे अंतर वाढते; पण चढ सौम्य होतो. बोरघाटातील रेल्वेमार्गाचा तीव्र चढ ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका आहे.

हीच युक्ती मनुष्याने एका लहानशा वस्तूत योजिली आहे. ती वस्तू म्हणजे बोल्ट. बोल्टच्या अंगावर जी फिरत फिरत वर जाणारी खाच कोरलेली असते, तिच्या वेढ्यांना आटे म्हणतात. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी कड पेन्सिलीवर जशी चढत जाते, तसाच आटा बोल्टवर चढतो. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटच होय. ८ मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो. त्यासाठी त्याला आट्यावरून सुमारे २२.५ मिलिमीटर वाट चालावी लागते. म्हणजे हा चढ १८ ला १ झाला. रेल्वेच्या घाटाहून तो दुप्पट असला, तरी इतका सौम्य असतो की, घर्षणामुळे आवळलेला बोल्ट आपोआप मागे घसरत नाही. दोन भागांना घट्ट धरून ठेवण्याचे त्याचे सामर्थ्य या घर्षणातच आहे. पण हेच घर्षण मर्यादेबाहेर वाढले, की बोल्ट अडतो.

मुंबई-पुणे रस्त्यावरील या घाटातून एके काळी फियाट मोटारी मोठ्या संख्येने ये-जा करीत. त्या मुंबईत, कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. बोरघाटातील रेल्वेचे काही बोगदेही पूर्वी त्यांच्याच बांधकाम व्यवसायाने खोदले होते. १९७४ साली या मोटारीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. आता ज्या मोटारी उरल्या आहेत, त्या हौसेने सांभाळलेल्या आहेत. अशा मोटारीच्या इंजिनातील एखादा बोल्ट मोडला, तर चिंता बोल्टची नसते. बोल्ट बाजारात थोड्या पैशांत मिळतो. तो ज्या छिद्रात अडकला आहे, ते छिद्र मात्र विकत मिळत नाही. म्हणून बोल्ट गेला तरी चालेल, पण छिद्र राखले पाहिजे, हा या दुरुस्तीचा पहिला नियम होय.

बोल्ट अडण्याची कारणे या प्रदेशात सहज दिसतात. घाट चढताना इंजिन फार तापते. विशेषतः जळालेला वायू बाहेर नेणारी नळी जेथे इंजिनास जोडलेली असते, तेथील बोल्ट अतिशय तप्त होतात आणि गाडी थांबली की पुन्हा निवतात. पावसाळ्यात येथे धुवाधार पाऊस पडतो व हवा महिनोन्महिने दमट राहते. ओलावा आट्यांत शिरतो आणि लोखंड गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. त्यामुळे तो आट्यांमध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो. या मोटारीच्या इंजिनाचा खालचा भाग बिडाचा असून वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियमच्या छिद्रात पोलादी बोल्ट असला आणि तेथे ओलावा पोचला, तर ॲल्युमिनियम झिजते व त्याची पांढरी भुकटी बोल्टला आवळून धरते.

अशा वेळी अननुभवी माणूस पान्याला लांब नळी अडकवून जोर लावतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याऐवजी ६० सेंटिमीटरची तरफ झाली, की तेवढ्याच श्रमात बोल्टवर दुप्पट पीळ पडतो. गंज सुटत नाही. बोल्टचे डोके मात्र तुटून हातात येते.

जाणता कारागीर प्रथम थांबतो. तो इंजिन पूर्ण निवू देतो, बॅटरीची तार सोडतो आणि पेट्रोलचा अंश जवळपास राहू देत नाही. मग बोल्टच्या मुळाशी गंज सोडविणारे पातळ तेल घालून तो रात्रभर मुरू देतो. दुसऱ्या दिवशी बोल्टवर हलके ठोके मारतो; त्या हादऱ्याने गंजाला बारीक भेगा पडतात व तेल आत उतरते. तेवढ्याने भागले नाही, तर तेल नीट पुसून तो छिद्राभोवतीचा धातू बेताने तापवितो. सारख्याच उष्णतामानात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे छिद्र बोल्टपेक्षा अधिक रुंदावते. बोल्टचा तुकडा वर राहिला असेल, तर त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळतात आणि खालचा नट उलट फिरवितात. बोल्ट जरा सुटला, की तो थोडा पुढे, थोडा मागे असा हलवीत बाहेर काढतात.

बोल्ट छिद्राच्या काठाशीच तुटला असेल, तर काम अधिक नाजूक होते. तुटलेला पृष्ठभाग कानशीने सपाट करून त्याच्या नेमक्या मध्यावर पंचाने खूण करतात. त्या खुणेवर प्रथम बारीक ड्रिल चालवितात व मग छिद्र क्रमाक्रमाने मोठे करतात. मध्य जरा चुकला, तर ड्रिल बोल्ट सोडून बाजूचे मऊ ॲल्युमिनियम खाऊ लागते. छिद्रात उलट आट्यांचे निमुळते हत्यार बसवून तुकडा काढता येतो; परंतु हे हत्यार कठीण आणि ठिसूळ असते. जोराने फिरविल्यास ते आतच मोडते आणि त्यावर साधे ड्रिल चालत नाही. म्हणून ते अडताच हात आवरावा लागतो. तसे झाल्यास ८ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये सुमारे ६.८ मिलिमीटरपर्यंत छिद्र वाढवून उरलेले पातळ कवच आट्यांतून टोकदार सुईने सोडवितात.

यानंतर आटे साफ करण्यासाठी टॅप नावाचे हत्यार वापरतात. ते अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असे फिरवितात, म्हणजे सुटलेला कीस तुटतो व अडकत नाही. मूळ आटे नष्टच झाले असतील, तरी निराश होण्याचे कारण नसते. छिद्र थोडे मोठे करून त्यात विशेष टॅपने नवे आटे पाडतात आणि पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवितात. या गुंडाळीची आतली बाजूच आट्यांचे काम करते, आणि पहिल्याच मापाचा बोल्ट तेथे पुन्हा बसतो. मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा हे पोलादी आटे पुष्कळदा अधिक टिकाऊ ठरतात.

शेवटी नवा बोल्ट बसविताना त्याच्या आट्यांना उष्णता सहन करणारे ग्रीस लावतात. बोल्ट प्रथम हाताने फिरवितात; तो बोटांनी सहज चालला, तरच पाना लावतात व नेमून दिलेल्या मापापुरताच आवळतात. काही वर्षांनी दुसऱ्या कोणास तो उघडावा लागला, तर त्याचे काम अवघ्या काही क्षणांत होते. आजचा कारागीर त्या अनोळखी माणसाचे श्रम असे आधीच वाचवून ठेवतो.

घाट एका उडीत चढता येत नाही. वळणावळणानेच माथा गाठावा लागतो. आट्यांची वाटही तशीच आहे. जो धीराने त्या वाटेने मागे येतो, त्याच्या हाती अडलेला बोल्ट अखेर सुटतो आणि जुने इंजिन पुन्हा घाट चढू लागते.