हवेत घातलेले टाके

सतराव्या शतकात फ्रान्सचे सरदार गळ्यात जे मिरवत, त्याचा पैसा व्हेनिसला जात होता. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला हे खुपत होतं. नुसत्या आयातबंदीने भागत नव्हतं, कारण बंदी घातली की माल चोरवाटेने येतो. तेव्हा १६६५ साली त्याने राजाश्रयाने लेसचे उद्योग उभे केले आणि व्हेनिसच्या कारागीर बायकांना पैशाचं आमिष दाखवून फ्रान्समध्ये आणलं. नॉर्मंडीतलं आलाँसाँ हे गाव त्यातून नावारूपाला आलं.

जुन्या लेसच्या मुख्य जाती दोनच: सुईची आणि बॉबिनची. बॉबिनच्या लेससाठी गादीवर टाचण्या रोवतात आणि बॉबिनना गुंडाळलेले धागे त्यांच्याभोवती एकमेकांवरून ओलांडत, पीळ देत नेतात. ब्रुसेल्स, मेशलेन, व्हालँसियेन आणि काळ्या रेशमाची शाँतिई ही सारी याच घराण्यातली. भिंगाखाली तिच्यात वेणी किंवा विणलेलं कापड दिसतं. सुईच्या लेसमध्ये एकाच धाग्याचे फास दिसतात.

आलाँसाँची लेस सुईची. आधी चर्मपत्रावर नक्षी काढून तिच्या रेषांवर बारीक भोकं पाडतात. हे चर्मपत्र हिरवं असतं, म्हणजे पांढरा धागा उठून दिसतो आणि डोळे कमी शिणतात. त्याखाली कापडाचे दोन पदर ठेवायचे आणि नक्षीच्या रेषांवर धागा मांडून तो कापडापर्यंत टाचून घ्यायचा. पुढे मात्र सुई कापडात शिरतच नाही. ती या धाग्यावर काजाचे टाके घालते आणि दुसरी ओळ पहिलीच्या फासांत अडकवते. कुठे दाट टाक्यांनी पाकळी भरते, तर कुठे जाळी सोडते. पाकळीच्या कडेला घोड्याचा केस ठेवून त्यावर खेटून टाके घातले की ती कडा ताठ उभी राहते. शेवटी कापडाच्या दोन पदरांमधून पातं फिरवतात, टाचलेले धागे तुटतात आणि लेस सुटते. उरलेले तुकडे चिमट्याने वेचायचे आणि भरीव भाग शेवंडाच्या नांगीने घासून चमकवायचा. (आपल्या कोकणातल्या शेवंडाला अशा मोठ्या नांग्या नसतात, तिकडच्याला असतात.)

टिकलीएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर लेसला सात तास लागतात आणि हात पुरता तयार व्हायला सात ते दहा वर्षं, असं युनेस्कोने २०१० साली या कलेला वारसा यादीत घेताना नोंदवलं आहे. पूर्वीच्या काळी तर एक बाई एकच टप्पा करी. जाळीवाली जन्मभर जाळीच विणत राही आणि तुकडे जोडणारी वेगळी असे. संग्रहालयातल्या पाटीवर लेस वापरणाऱ्या राणीचं नाव असतं. विणणाऱ्यांचं लिहायचं ठरवलं, तरी एका नावाने भागणार नाही!

या हातांना पहिला मोठा धक्का दिला फ्रेंच राज्यक्रांतीने, कारण गिऱ्हाईकच संपलं. दुसरा दिला इंग्लंडच्या जॉन हीथकोटने. बॉबिनच्या लेसची जाळी विणणारं यंत्र त्याने १८०८-०९च्या सुमारास पेटंट केलं. १८१६ साली लफबरोत त्याच्या कारखान्यातली ५५ यंत्रं जमावाने फोडली, तेव्हा तो बिऱ्हाड उचलून टिव्हर्टनला गेला. व्हिक्टोरिया राणीने १८४०च्या लग्नात डेव्हनची हातची हॉनिटन लेस मिरवली, हा त्या बुडत्या धंद्याला दिलेला टेकू. तिच्या वस्त्राला लावलेली ती लेस मुख्यतः बीर या गावात विणली गेली.

भारतात ही विद्या मिशनऱ्यांबरोबर आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्था मॉल्ट यांनी नागरकोईलला मुलींना लेस शिकवली. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाची लेस रुजली आणि निर्यात होऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. घरचं सगळं उरकून त्या रोज सहा-आठ तास विणत होत्या आणि तरी त्यांची गणना 'गृहिणी' म्हणूनच होई. विणकाम हा फावल्या वेळचा उद्योग मानला जाई. मजुरीही त्याच हिशेबाने मिळे.