पाहुण्यांची पोळी

आमच्याकडे पाहुणे आले की भाकरीची टोपली ओट्याखाली जायची. पाहुण्यांना पोळी, आम्हाला भाकरी. आम्ही बार्शीकडचे, शाळूवर वाढलेले. पण चारचौघांत भाकरी वाढायची आईला लाज वाटे. ही लाज आली कुठून, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडलाच नाही.

पडला तो भाचीमुळे. ती समाजशास्त्र शिकते. तिच्या अभ्यासात 'अन्नाचं निर्वसाहतीकरण' असा जिभेची परीक्षा घेणारा विषय आहे. "म्हणजे पिझ्झा सोडून थालीपीठ खायचं ना?" मी विचारलं. ती हसली. "ताटात काय आहे एवढंच नाही गं मावशी. ते कोण ठरवतं, ते बघायचं."

मग तिनं दिलेलं वाचत गेले. १८७६ ते १८७८ मध्ये दख्खनेत माणसं भुकेनं मरत होती, तेव्हा हिंदुस्थानातला गहू बोटीतून इंग्लंडला चालला होता. माईक डेव्हिस यांनी २००१ च्या पुस्तकात हे मांडलंय. हॅरिएट फ्रीडमन आणि फिलिप मॅकमायकेल या अभ्यासकांनी १९८९ मध्ये त्यापुढचंही सांगितलं होतं: आधी वसाहतींनी युरोपला जेवू घालायचं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं जास्तीचं धान्य नव्या स्वतंत्र देशांत उतरायचं. १९५४ चा 'पीएल-४८०' कायदा त्यातलाच. आईच्या लहानपणीचा रेशनचा लाल गहू आठवला! पुढे हरितक्रांतीतही जोर गहू-तांदळावर. ज्वारी मागे पडली.

अर्थात सगळं साहेबाच्या माथी मारून कसं चालेल? कुणी काय खायचं, हे आपल्याकडे जातही ठरवत होतीच. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी मात्र गावठी बियाणं जपलं, इतर बायकांनाही त्यात ओढलं. २०२० ची पद्मश्री नंतरची. बी आपल्या हातात राहिलं, हे मला मोठं वाटतं.

एवढं वाचल्यावर मी जोशात जाहीर केलं, "आजपासून घरात फक्त भाकरी!"

"थापणार कोण?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मला पोळी आवडते गं. जन्मभर पाहुण्यांसाठी लाटली. तव्यावरची गरम कधी मिळाली?"

त्या रात्री तिला आधी बसवलं. तव्यावरची पोळी, वर तूप. तिनं दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. मी दुपारची भाकरी दुधात कुस्करली.