दुधाचं राज्य आणि मतांचं पारडं

श्रोतेहो, अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात होते. निकाल लागला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही अमेरिकेचा नकाशा छापून येतो. काही राज्यं तांबडी, काही निळी. तांबडी म्हणजे रिपब्लिकन पक्षाकडे गेलेली आणि निळी म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलेली. नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, या राज्यातली सारी माणसं एका पक्षाची आणि त्या राज्यातली दुसऱ्या पक्षाची. हा समज किती अपुरा आहे हे कळायचं असेल, तर एकच राज्य घ्यावं आणि ते आतून नीट पाहावं. त्यासाठी आज आपण विस्कॉन्सिन हे राज्य निवडू.

विस्कॉन्सिन अमेरिकेच्या उत्तर भागात आहे. पूर्वेला मिशिगन सरोवर, उत्तरेला सुपीरियर सरोवर, पश्चिमेच्या हद्दीवरून वाहणारी मिसिसिपी नदी. आकारानं हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं; लोकवस्ती मात्र साठ लाखांच्या आतच. धंदा म्हणाल तर दुधाचा. तिथल्या मोटारींच्या नंबरपट्टीवरसुद्धा ‘अमेरिकेची दुग्धभूमी’ अशा अर्थाचे शब्द असतात. राज्यात निघणाऱ्या दुधापैकी सुमारे नव्वद टक्के दूध चीज करायला जातं. थंडी कडाक्याची, गोठे बंदिस्त, आणि माणसं कामाला पक्की.

आता आधी निवडणुकीची रीत समजून घेऊ. त्यावाचून पुढचं कोडं उलगडणार नाही. अमेरिकेत अध्यक्षासाठी लोक मत देतात, पण देशभरातल्या मतांची एकत्र बेरीज करून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या मानानं काही निर्वाचक ठरवून दिलेले आहेत. सगळ्या देशाचे मिळून ५३८ निर्वाचक. त्यांतले २७० ज्याच्या बाजूला, तो अध्यक्ष. विस्कॉन्सिनच्या वाट्याला दहा निर्वाचक आले आहेत. राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. फक्त मेन आणि नेब्रास्का या दोन राज्यांत रीत थोडी वेगळी आहे. आपल्याकडे लोकसभेच्या मतदारसंघात एक मत जास्त पडलं तरी उमेदवार निवडून येतो ना? तसंच हे. अध्यक्षाच्या निवडणुकीपुरतं सबंध राज्य म्हणजे जणू एकच मतदारसंघ.

याचा परिणाम काय होतो पाहा. जे राज्य एका पक्षाचं ठरलेलंच आहे, तिथे उमेदवार फारसे फिरकत नाहीत. जिथे दोन्ही पारडी जवळजवळ सारखी, तिथे मात्र त्यांच्या सभांवर सभा होतात. अशा राज्यांना तिकडे ‘स्विंग’ राज्यं म्हणतात. आपण त्यांना हेलकावणारी राज्यं म्हणू. विस्कॉन्सिन त्यांतलं अगदी ठळक उदाहरण.

आकडे पाहिले म्हणजे खात्री पटेल. २००० साली अल् गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा इथे ५,७०८ मतं जास्त पडली. २००४ साली जॉन केरी ११,३८४ मतांनी पुढे राहिले. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प २२,७४८ मतांनी जिंकले. २०२० साली जो बायडन २०,६८२ मतांनी आणि २०२४ साली पुन्हा ट्रम्प २९,३९७ मतांनी. हे आकडे पंचवीस ते पस्तीस लाख मतांतले आहेत, हे ध्यानात ठेवा. म्हणजे सात निवडणुकांपैकी पाचांत हार आणि जीत यांतलं अंतर शंभरात एकाहूनही कमी! मधल्या दोन निवडणुका बराक ओबामा यांच्या. २००८ साली ते शंभरात चौदा मतांच्या फरकानं आणि २०१२ साली सातच्या फरकानं जिंकले.

१९८८ पासून २०१२ पर्यंत ओळीनं सात वेळा हे राज्य डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं होतं. त्यामुळे ते आपलंच आहे असं त्या पक्षाला वाटू लागलं. २०१६ साली हिलरी क्लिंटन उमेदवारी मिळाल्यानंतर प्रचाराला विस्कॉन्सिनात एकदाही आल्या नाहीत. निकाल आपण आताच पाहिला. त्या वर्षी देशभरात त्यांना ट्रम्प यांच्यापेक्षा अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं मिळाली होती. पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून अठ्ठ्याहत्तर हजारांहूनही कमी मतांनी गेली, आणि अध्यक्षपदही गेलं.

तसं पाहिलं तर या राज्यानं कुणाही पक्षाला कायमचं वचन दिलेलं नाही. रिपब्लिकन पक्षाचा उगम जिथे झाला म्हणून सांगतात, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे इथल्या रिपन गावची एक लहानशी शाळा, साल १८५४. आणि याच राज्यानं १९२४ साली दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूला सारून आपल्या रॉबर्ट ला फॉलेट यांना, म्हणजे तिसऱ्याच उमेदवाराला, कौल दिला होता.

आता राज्याच्या आत शिरू. विस्कॉन्सिनात ७२ कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आकारानं आपल्या तालुक्याच्या जवळपासची, पण कारभार जिल्ह्यासारखा. २००८ साली ओबामांनी त्यांतल्या ५९ कौंट्या जिंकल्या. २०१२ साली ३५. २०१६ साली क्लिंटन यांच्या हाती राहिल्या फक्त १२. बायडन यांना १४ मिळाल्या आणि २०२४ साली कमला हॅरिस यांना १३. एवढी घसरगुंडी झाल्यावर डेमोक्रॅटिक पक्ष इथे पार बुडायला हवा होता. पण बायडन तर चौदाच कौंट्यांवर राज्य जिंकून गेले. हे कसं?

याचं कारण असं, की कौंट्या मत देत नाहीत, माणसं देतात. राजधानी मॅडिसन ज्या डेन कौंटीत आहे, तिथे मोठं विद्यापीठ आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, नवे उद्योग आहेत. वस्ती भराभर वाढते आहे. या एका कौंटीत २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षाची आघाडी दीड लाखाच्या जवळपास होती. २०२० साली ती एक लाख ऐंशी हजारांवर गेली, आणि २०२४ साली त्याहूनही वाढली. दुसरीकडे, मिलवॉकी या सर्वांत मोठ्या शहराशेजारची वॉकेशा कौंटी पाहा. ही सुखवस्तू उपनगरांची कौंटी, रिपब्लिकन पक्षाचा जुना बालेकिल्ला. २०१२ साली इथल्या शंभर मतांपैकी सुमारे सदुसष्ट त्या पक्षाला पडली होती. २०२४ साली सुमारे एकोणसाठ. किल्ला पडला नाही, पण तटाचे दगड निखळू लागले आहेत.

आणि खेडी? ती उलट्या दिशेनं गेली. राज्याच्या नैर्ऋत्येला डोंगरदऱ्यांचा मुलूख आहे. हिमयुगात हिमनद्यांनी बाकीचा प्रदेश घासून सपाट केला, पण त्या या भागात पोचल्या नाहीत. म्हणून इथे टेकड्या आणि खोरी तशीच राहिली. मोठी यंत्रशेती इथे अवघड; त्यामुळे लहान गोठेवाल्यांची वस्ती. व्हर्नन, क्रॉफर्ड, ग्रँट, रिचलंड या इथल्या कौंट्यांनी दोन्ही वेळा ओबामांना मत दिलं, आणि २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांना.

या मुलखात मधल्या काळात काय घडलं? २००४ च्या सुमारास विस्कॉन्सिनात जवळजवळ सोळा हजार दुग्धशाळा, म्हणजे दूध घालणारे गोठे होते. वीस वर्षांनी ते सहा हजारांच्याही खाली आले. एकट्या २०१९ साली आठशेंहून जास्त गोठे बंद पडले. गायींची संख्या मात्र राज्यात साधारण तेवढीच राहिली, साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे दूध आटलं नाही. पन्नास-साठ गायींचा धनी आटला, आणि हजारो गायींचा कारखाना उभा राहिला. गोठा बंद झाला की खाद्याचं दुकान बसतं, शाळेतली पोरं कमी होतात, तरुण शहराची वाट धरतात. ज्यांच्या घरी दोन-चार दुभती जनावरं आहेत, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

पण इथेच जरा थांबायला हवं. ‘गोठे बुडाले म्हणून मतं फिरली’ असं एका दमात सांगणं सोपं आहे, ते पुरतं खरं मात्र नाही. याच राज्यात जेन्सव्हिल या गावचा मोटारींचा मोठा कारखाना २००८ च्या अखेरीस बंद पडला. तरी ते गाव ज्या रॉक कौंटीत आहे, तिनं त्यानंतरही डेमोक्रॅटिक पक्ष सोडला नाही. तेव्हा पोटाचा प्रश्न हे एक कारण. शिक्षण, धर्म, वय, शेजारी काय बोलतात, आणि आपल्याला कुणी विचारतं की नाही, ही बाकीची. शिवाय मत न देणारा माणूसही निकाल घडवतोच. २०१६ साली मिलवॉकी शहरात आधीच्या निवडणुकीपेक्षा सुमारे चाळीस हजार मतं कमी पडली. राज्याचा निकाल लागला तो त्याहून कमी फरकानं.

आणखी एक गंमत ऐका. २०२४ साली ज्या दिवशी विस्कॉन्सिननं ट्रम्प यांना सुमारे एकोणतीस हजारांनी पुढे आणलं, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी बाल्डविन यांनाही सुमारे एकोणतीस हजारांनीच निवडून दिलं. म्हणजे पक्ष न पाहता माणूस पाहून मत देणारे मतदार अजून आहेत. थोडे असले, तरी पारडं झुकवण्याइतके आहेत.

जिथे फरक इतका बारीक, तिथे संशयही लवकर पिकतो. म्हणून मोजणीबद्दल दोन शब्द. विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे आगाऊ किंवा टपालानं आलेल्या मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडता येत नाहीत. लहान गावांची मोजणी संध्याकाळीच आटोपते. मिलवॉकी शहर मात्र अशी सगळी पाकिटं एका जागी आणून मोजतं. त्याला मध्यरात्र उलटते. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे अशी मतं फार होती. संध्याकाळी ट्रम्प पुढे दिसत होते. पहाटे मिलवॉकीचा आकडा एकदम आला आणि बायडन पुढे गेले. पुष्कळांना वाटलं, रात्रीत काहीतरी काळंबेरं झालं. ट्रम्प यांच्या बाजूनं पैसे भरून मिलवॉकी आणि डेन या दोन कौंट्यांची फेरमोजणी मागितली. मतं कागदावर असल्यामुळे ती पुन्हा मोजता आली. फेरमोजणीत बायडन यांची आघाडी उलट ८७ मतांनी वाढली. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानंही चार विरुद्ध तीन अशा निवाड्यानं तो निकाल कायम ठेवला. उशिरा मोजलेलं मत हे खोटं मत नव्हे, एवढा बोध यातून घ्यायचा.

मोजणी करतं कोण, हेही जाणण्यासारखं आहे. राज्यात गावं, नगरं आणि शहरं मिळून सुमारे १,८५० स्थानिक संस्था आहेत, आणि मतदान चालवण्याची जबाबदारी त्या त्या ठिकाणच्या चिटणिसावर असते. पुष्कळ गावांत हा चिटणीस म्हणजे आपला रोजचा उद्योग सांभाळून हे काम करणारी साधी व्यक्ती. मतदानाच्या दिवशीसुद्धा नाव नोंदवता येतं. २०२४ साली मतदानाच्या वयाच्या शंभर माणसांपैकी सुमारे त्र्याहत्तर जणांनी मत दिलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे वर्गात घालण्याजोगं एक साधं गणित आहे. २०२४ चा फरक २९,३९७ मतांचा. एका बाजूचा मतदार दुसरीकडे गेला, तर फरक दोन मतांनी हलतो. म्हणजे निकाल उलटायला सुमारे १४,७०० माणसं पुरली असती. त्यांना १,८५० संस्थांनी भागा. उत्तर येतं आठ. दर गावामागे सरासरी आठ माणसं! त्या वर्षी ट्रम्प यांना देशात ३१२ निर्वाचक मिळाले होते, त्यामुळे एका विस्कॉन्सिननं अध्यक्ष बदलला नसता, हेही मुलांना सांगावं. पण राज्याचा रंग तेवढ्यानं बदलला असता, आणि नकाशा पाहणारे आपण म्हणालो असतो, ‘विस्कॉन्सिन निळ्यांचं!’

तेव्हा पुढची निवडणूक २०२८ साली येईल आणि पुन्हा तसा नकाशा छापून येईल, तेव्हा नुसता रंग पाहून पान उलटू नका. तीन प्रश्न विचारा. फरक किती मतांचा आहे? मागच्या खेपेपेक्षा कुठली गावं आणि कुठली शहरं कुणीकडे सरकली? आणि घरी बसले ते किती? आपल्याकडच्या निवडणुकीचे निकाल वाचतानाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतील.